पाच मुलं, एक तलाव आणि एकच मागणी



दिवाळीची सुट्टी संपली की घरोघरी एक नवं काम येऊन पडतं. कार्डशीट, स्केचपेन, डिंक आणि रंगीत कागद यांची यादी घेऊन मूल आईपुढे उभं राहतं. "आई, प्रकल्प आहे. पर्यावरणावर. गटाने करायचाय." मग रात्री भांडी आवरून झाल्यावर आईच 'झाडे लावा, झाडे जगवा'ची अक्षरं कोरत बसते. दुसऱ्या दिवशी तक्ता शाळेत जातो, भिंतीवर लागतो, गुण मिळतात आणि जूनमध्ये तो रद्दीत निघतो.

यंदा गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातून एका भगिनीचं पत्र आलं, आणि या विषयावर नीट लिहावंसं वाटलं. त्यांची मुलगी नववीत आहे. तीन मुली आणि दोन मुलगे असा पाच जणांचा गट. विषय आहे गावचा तलाव. सर म्हणाले, चांगलं झालं तर २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मांडू. आणि इथेच मुलीचा धीर सुटला. या ताईंचे यजमान मच्छीमार संस्थेचे सभासद आहेत. तलाव बेशरमीने भरलाय, जाळ्यात मासळी कमी आणि काड्या जास्त. मुलगी म्हणते, "धिवराच्या पोरीने उठून सांगितलं तर सारे हसतील." ताई विचारतात, "पोरींनी कशी तयारी करावी, म्हणजे मोठी माणसं ऐकतील? मी चौथी शिकलेली. माझी मदत काय होणार?"

ताई, तुमची मदत पुष्कळ होणार आहे. तुमच्या निमित्ताने इतर मैत्रिणींनाही सांगते. तुमच्या गावी तलाव नसेल, नाला असेल, कचऱ्याचा ढीग असेल, भातगिरणीचा धूर असेल. पद्धत तीच.

आधी मागणी ठरवा, तक्ता नंतर

'पर्यावरण वाचवा' म्हटलं की सगळे माना डोलावतात आणि घरी जातात. त्याला विरोध करणारं गावात कोणीच नसतं, म्हणून ते करणारंही कोणी नसतं. आपल्या घरातलंच बघा ना. "जरा घराकडे लक्ष द्या" असं आपण यजमानांना वर्षभर म्हणतो, त्याने काय होतं? तेच "रविवारी मोरीचा नळ बदलून आणा" म्हटलं की निदान हो किंवा नाही असं उत्तर तरी मिळतं.

मुलांच्या मांडणीचंही तसंच आहे. ऐकणाऱ्याला हो किंवा नाही म्हणता येईल अशी एकच गोष्ट मागायची. कोणाकडे, कधीपर्यंत आणि किती, हे त्यात आलं पाहिजे. 'तलाव स्वच्छ करा' ही मागणी नव्हे. 'येत्या उन्हाळ्यात तुडुमापासून सलंगापर्यंतच्या काठावरची बेशरम मुळासकट काढावी, आणि पुढची दोन वर्षं दर उन्हाळ्यात पुन्हा फुटलेली उपटावी, असा ठराव ग्रामसभेने करावा' ही मागणी झाली.

इंडोनेशियातल्या बाली बेटावर मेलाती आणि इसाबेल विजसेन या दोघी बहिणींनी हेच केलं. २०१३ साली त्यांनी सुरुवात केली तेव्हा एक बारा वर्षांची होती, दुसरी दहाची. 'बेट स्वच्छ करा' असं त्या म्हणत बसल्या नाहीत. प्लॅस्टिकच्या पिशव्या बंद करा, एवढं एकच धरून बसल्या. सह्या गोळा केल्या, राज्यपालांच्या भेटीसाठी उपोषणही केलं. २०१९ मध्ये बालीत पिशव्यांवर बंदी आली. सहा वर्षं लागली, हे मात्र मुलांना आवर्जून सांगा.

तलावाची ओळख करून घ्या

आपल्या पूर्व विदर्भातले हे तलाव देवाने दिलेले नाहीत, माणसांनी बांधलेले आहेत. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाच्या लोकांनी इथे पाळी घातल्या आणि त्याखाली धान पिकवला. नवेगाव बांधचा मोठा जलाशय कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं परंपरा सांगते, आणि भोवतालच्या सात डोंगरांना 'सात बहिणी' म्हणतात. पुढे मालगुजारांकडे तलाव आले, म्हणून त्यांना मालगुजारी तलाव म्हणू लागले. १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले आणि नाव पडलं माजी मालगुजारी तलाव, म्हणजे आपले 'मामा तलाव'. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूरचा काही भाग मिळून असे तलाव हजारोंनी आहेत.

हा इतिहास मुलांनी का सांगायचा? कारण 'हे सरकारचं काम' असं सभेत कोणीतरी म्हणणारच. त्याला उत्तर म्हणून एवढंच सांगायचं, की ही पाळ आपल्याच पणज्या-खापरपणज्यांच्या हातची आहे. पण दोन वाक्यांत सांगून पुढे जायचं. इतिहासाचा तास घ्यायचा नाही.

आता बेशरमीची गोष्ट. हे झुडूप मूळचं अमेरिका खंडातल्या उष्ण भागातलं. गुरं त्याला तोंड लावत नाहीत, आणि शेळ्यांना खायची सवय लागलीच तर त्या आजारी पडतात, कारण ते विषारी आहे. काडी तोडून ओल्या मातीत पडली की तिथे मुळं धरते. म्हणूनच तर त्याला हे नाव पडलं! काठाने दाटी झाली की वाहून येणारा गाळ तिथेच अडतो, काठ उथळ होतो आणि ते आणखी आत सरकतं. मग काठावरच्या देशी पाणवनस्पतींना जागा उरत नाही. आपली मरळ, शिंगी, मागूर अशी मासळी याच वनस्पतींच्या आडोशाने वाढते. त्या गेल्या की मासळी रोडावते. पक्ष्यांचं खाणं आणि घरटी याच काठाला असतात, तेही दूर जातात.

ही साखळी मुलांनी पाठ करायची नाही, समजून घ्यायची. समजलं की बोलताना अडखळलं तरी चालतं.

तीन फेऱ्या

माहिती वहीतून उतरवून काढली तर सभेतला एखादा म्हातारा पहिल्याच प्रश्नात मुलांना गप्प करील. म्हणून मुलांनी तीन फेऱ्या कराव्यात. तारखा घालून सगळं एकाच वहीत लिहावं.

पहिली फेरी पाळीवर. बरोबर एक मोठं माणूस हवंच, आणि मुलांनी पाण्यात उतरायचं नाही, गाळात पाय घालायचा नाही. दहा मीटरची दोरी घ्या आणि दर मीटरला गाठ मारा. काठाने दोरी टाकत जा, आणि प्रत्येक दोरीला बेशरम आहे की नाही याची खूण करा. समजा साठ दोऱ्या झाल्या आणि त्यातल्या चाळिसांना बेशरम निघाली, तर '६०० मीटर काठापैकी ४०० मीटर बेशरमीखाली' असं मुलांना ठामपणे सांगता येईल. 'खूप बेशरम आहे' यापेक्षा हा आकडा शंभर पटीने बोलतो, कारण तो त्यांनी स्वतः मोजलेला आहे. ज्याला खोटं वाटेल त्याने दोरी घेऊन यावं.

दुसरी फेरी घरोघरची. ज्यांनी तलाव चांगला असताना पाहिलाय अशा पाच-सहा जणांना विचारायचं. पूर्वी कोणती मासळी मिळायची? पाणी कुठल्या महिन्यापर्यंत टिकायचं? कमळं होती का, देवधान होतं का? रोवणीनंतर पावसाने ताण दिला तर तुडुमातून किती बांध्यांना पाणी जायचं? पुरुषांइतकंच बायकांनाही विचारा. पाणी, सरपण, भाजी आणि मासळीचा बाजार बायका सांभाळतात, त्यांची आठवण पक्की असते. आणि इथेच, ताई, तुमच्या लेकीचं घर सगळ्यांत पुढे आहे. कोणता मासा कोणत्या काठाला अंडी घालतो, कोणता दिसेनासा झाला, हे तुमच्या घरात जेवढं ठाऊक आहे तेवढं गावात कोणालाच ठाऊक नाही. तिच्या आजोबांकडून माशांची नावं लिहून घ्या. दोन रकाने करा, 'पूर्वी' आणि 'आता'. ती यादी हा त्या मांडणीचा सर्वांत भक्कम पुरावा ठरेल.

तिसरी फेरी ग्रामपंचायतीची. तलाव कोणाच्या ताब्यात आहे ते विचारा. बरेचसे मामा तलाव जिल्हा परिषदेकडे असतात, मासेमारी संस्थेला ठेक्याने दिलेली असते, आणि काठावर कोणाची गाळपेरही असते. ठेका कधी संपतो, गाळ काढायची कोणती योजना सध्या चालू आहे, तेही विचारा. २०१७ मध्ये राज्यात 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना निघाली, त्यात शेतकऱ्यांनी गाळ शेतात नेला. तुमच्या तलावाला आज काय लागू पडतं ते ग्रामपंचायतीतूनच कळेल. ज्याच्या हातात निर्णय नाही त्याच्यापुढे मागणी ठेवून उपयोग नाही, म्हणून ही फेरी टाळू नये. तलाव जिल्हा परिषदेचा निघाला तर मागणीत 'परवानगीसाठी जिल्हा परिषदेला पत्र द्यावे' हे शब्द घाला.

नाही म्हणणाऱ्यांची यादी

हा भाग मुलं हमखास विसरतात. आपणही नवी शिलाई मशीन घ्यायची म्हटल्यावर घरात कोण काय म्हणेल ते आधीच मनाशी धरतोच की नाही! तसंच करायचं. कागदाच्या डाव्या बाजूला आक्षेप आणि उजव्या बाजूला उत्तर.

'पैसा कुठून आणायचा?' याचं उत्तर अंदाजाने देऊ नका. सरपंचांची आणि संस्थेची परवानगी घेऊन मोठ्या माणसांकडून दहा मीटरचा एक तुकडा मुळासकट काढवून घ्या. समजा दोन माणसांना अर्धा दिवस लागला, म्हणजे एका माणसाची एक दिवसाची मजुरी झाली. मग ४०० मीटरला चाळीस मजुऱ्या. काठ सगळीकडे सारखा नसतो, म्हणून एक दाट आणि एक विरळ अशा दोन जागी करून पाहा आणि त्याची सरासरी धरा. असा हिशेब पुढे ठेवला की सभेचं बोलणं 'जमेल का' वरून 'कोणी किती द्यायचं' यावर येतं.

'मागेही काढली होती, पुन्हा उगवली.' हा आक्षेप खरा आहे, तो खोडू नका. वरवर कोयत्याने छाटली आणि काड्या काठालाच टाकल्या तर ती दुप्पट येणारच. उन्हाळ्यात काठ कोरडा झाल्यावर मुळासकट खणायची, पाण्यापासून लांब नेऊन पूर्ण वाळवायची, आणि पुढच्या वर्षी फुटवे उपटायचे. म्हणूनच मागणीत दोन वर्षं घातली आहेत.

'आमच्या कुंपणाला, चुलीला काड्या लागतात.' बरोबर आहे. मग काढलेल्या आणि खडखडीत वाळलेल्या काड्या त्याच घरांना आधी द्याव्यात, असं मुलांनी सुचवावं. ज्याचं नुकसान होणार त्याचं नाव आपणच आधी घेतलं की तो भांडायला उठत नाही.

'नुसती बेशरम काढून मासळी येते का?' नाही, नुसती काढून येत नाही. आणि इथे सांगण्यासारखं तुमच्याच तालुक्यात घडलेलं आहे. मनीष राजनकर यांची भंडाऱ्याची संस्था आणि अर्जुनी मोरगाव भागातल्या मच्छीमार संस्था यांनी मिळून काही तलावांत हे काम केलं. बेशरम काढली, उन्हाळ्यात तळ नांगरला आणि देशी पाणवनस्पती आणून लावल्या. त्यानंतर देशी मासळी आणि पक्षी परत दिसू लागले. या कामात धिवर समाजाच्या बायका पुढे होत्या. शालू कोल्हे यांनी गावोगावच्या बायकांना एकत्र करून तलावाच्या कामात आणलं. तेव्हा ताई, लेकीला सांगा, 'धिवराच्या पोरीने' बोलण्याची ही पहिली वेळ नव्हे. शक्य झालं तर गटाला घेऊन असा एखादा सुधारलेला तलाव बघून या. डोळ्यांनी पाहिलेलं सांगताना मुलाचा आवाज वेगळाच लागतो.

सारस किती, पाणी किती

गोंदियाची मुलं म्हटलं की तक्त्यावर सारस येणारच. यावा. महाराष्ट्रात सारस मुख्यतः आपल्याच जिल्ह्यात उरला आहे, त्याची संख्या पन्नाशीच्याही आत आहे, आणि धानाच्या बांधीत किंवा तलावाच्या काठी तो घरटं करतो. हे अभिमानाने सांगावं. पण पाच मिनिटं सारसावर बोललं तर शेतकरी म्हणेल, 'पाखरासाठी आलीत काय?' सभेत बसलेल्यांपैकी कोणाला पाणी हवंय, कोणाला मासळी, कोणाला मजुरी. त्यांना त्यांच्या कामाचं आधी सांगा, आणि सारस शेवटी, एका वाक्यात. मग तो मनात राहतो.

दहा मिनिटांची वाटणी

ग्रामसभेत दहा मिनिटं मिळाली तर नशीब समजा. प्रत्येकाला दोन मिनिटं. जास्त नकोच.

पहिल्याने तलाव पूर्वी कसा होता ते सांगायचं. माशांची यादी इथे वाचायची.

दुसऱ्याने दोरीचं मोजमाप सांगायचं आणि एक छोटा प्रयोग दाखवायचा. एकाच मापाचे दोन काचेचे पेले घ्या. एकात अर्ध्यापर्यंत मळलेली माती घट्ट थापा, दुसरा रिकामा ठेवा. दोन्हींत एकेक पेलाभर पाणी ओता. मातीच्या पेल्यातलं पाणी टेबलावर सांडेल. "आपल्या तलावात पाऊस पडतो तेवढाच, पण राहतं एवढंच." गाळ म्हणजे काय ते मागच्या रांगेतल्या आजीलाही कळेल.

तिसऱ्याने बेशरम पुन्हा पुन्हा का येते ते सांगायचं. हातात मुळासकट वाळवलेलं एक झुडूप असावं. (ओल्या बेशरमीचा चीक अंगाला लागू देऊ नका. हाताळल्यावर साबणाने हात धुवायला लावा.)

चौथ्याने मजुरीचा हिशेब आणि आक्षेपांची उत्तरं.

पाचव्याने मागणी. ती कागदावर लिहून आणायची, सावकाश दोनदा वाचायची आणि सरपंचांच्या हातात द्यायची.

कोणाला काय द्यायचं यावरून गटात भांडणं होतात. बहुतेक गटांत मुली तक्ते रंगवतात आणि माईक मुलग्यांच्या हातात जातो. आयांनी इथे लक्ष घालावं. ज्याने जी फेरी केली त्याने तेच बोलावं, एवढा साधा नियम घाला. माशांची यादी जिने आणली तिनेच ती वाचायची. बुजरं मूल असेल तर त्याला पेल्यांचा प्रयोग द्या. हाताला काम असलं की तोंड आपोआप उघडतं.

भाषेबद्दल एक सांगते. मुलांना पुस्तकी मराठीत भाषण पाठ करायला लावू नका. घरी जी बोलतात ती बोलू द्या. झाडीबोलीत बोलली तर बिघडलं कुठे? ऐकणारेही तीच बोलतात. 'जलप्रदूषण निर्मूलनाची नितांत आवश्यकता' असं म्हणणाऱ्या मुलापेक्षा 'आमच्या तलावात आता मरळ गवसत नाही' म्हणणाऱ्या मुलाचं लोक ऐकतात.

तक्ते पाचच करा, एकेकाला एक. अक्षर बोटाच्या पेराएवढं नको, तळहाताएवढं हवं. एका तक्त्यावर दहा शब्दांहून जास्त नकोत. पाठीमागची भिंत बघून ठेवा, खिळे आहेत की दोरी बांधावी लागेल. ग्रामसभा उघड्यावर असेल तर वाऱ्याने तक्ते उडतात, चिमटे न्यावेत. वीज असेलच असं धरून चालू नका.

आईचं काम

आता आईने काय करायचं? भाषण लिहून द्यायचं नाही. अक्षर कोरून द्यायचं नाही. ऐकायचं. पाचही मुलांना घरी बोलवा, मुरमुऱ्याचा चिवडा करा, आणि तुम्ही सरपंच होऊन बसा. मध्येच विचारा, "पैसा कोण देणार?" "मागच्या वर्षी काय झालं?" एका मावशीला कंटाळलेल्या माणसाचं काम द्या, तिने मध्येच उठून जावं. मुलं हसतील, पण सभेत खरंच कोणी उठून गेलं तर घाबरणार नाहीत. जे तुम्हाला कळलं नाही ते सरळ सांगा. चौथी शिकलेल्या आईला जे कळतं ते साऱ्या गावाला कळतं. म्हणून ताई, तुमच्याहून चांगला परीक्षक त्यांना मिळणार नाही.

उत्तर येत नसेल तर काय म्हणायचं तेही शिकवून ठेवा. "काका, हे आम्ही विचारलं नाही. विचारून सांगतो." एवढं म्हणायला लाज वाटू नये. आणि 'विचारून सांगतो' म्हटलं की खरंच विचारून सांगायचं.

तारखा उलट्या मोजा

महाराष्ट्रात ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ठरलेल्या असतात. बेशरम काढायचं काम एप्रिल-मे महिन्यांत, पाणी ओसरल्यावर. जूनमध्ये पाऊस आला की काम थांबलं. म्हणजे मागणी २६ जानेवारीलाच गेली पाहिजे. १ मेला गेली तर ठराव होऊन परवानगी येईपर्यंत रोवणी आलेली असेल. मागे मोजत या. जानेवारीचा तिसरा आठवडा तालमीला, दुसरा तक्त्यांना, डिसेंबर तीन फेऱ्यांना. म्हणून आजच दोरीला गाठी मारायला बसा.

शाळेतले गुण वेगळे आणि हे काम वेगळं, असं समजू नका. १९९३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेत दहा ते सतरा वर्षांच्या मुलांनी आपल्याच परिसरातला प्रश्न अभ्यासून मांडावा, अशी कल्पना आहे. २०२० साली नववीला 'जलसुरक्षा' नावाचं पाठ्यपुस्तकही आलं. फेऱ्यांची हीच वही तिथेही चालेल.

'पाहू' म्हटलं तर

बहुतेक वेळा 'हो' किंवा 'नाही' यांपैकी काहीच मिळत नाही. मिळतं ते 'पाहू'. टाळ्या होतात, 'पोरं हुशार आहेत' म्हणतात, एखादं पेनही बक्षीस मिळतं आणि विषय संपतो. मुलांना हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे ती हिरमुसणार नाहीत. टाळ्या थांबल्या की पाचव्या मुलाने बसायचं नाही. उभं राहून नम्रपणे तीन गोष्टी विचारायच्या. "ठराव आजच्या वहीत लिहिणार का? पुढचं काम कोण बघणार? आम्ही कोणत्या तारखेला विचारायला यावं?" मोठ्यांना उलट उत्तर देणं नव्हे हे. आपणही वाण्याकडे उधारीची वही बंद होण्याआधी आकडा वाचून घेतोच ना?

ठराव झाला तर त्याची नक्कल मागून घ्या आणि शाळेत लावा. नाही झाला तर दिलेल्या तारखेला पाचही जणांनी पुन्हा जावं, एकट्याने नाही. आणि काहीच झालं नाही, तरी मे महिन्यात संस्थेच्या परवानगीने, मोठ्या माणसांना बरोबर घेऊन, आधी काढलेल्या त्या दहा मीटर तुकड्यातले फुटवे उपटायला जावं. पावसाळ्यानंतर तो तुकडा आणि शेजारचा काठ सगळ्या गावाला दिसेल, आणि पुढच्या जानेवारीत मुलांकडे दाखवायला आणखी एक पुरावा असेल.

सभेला जाताना पिशवीत काय न्यायचं, त्याची यादी देते : फेऱ्यांची वही, गाठींची दोरी, दोन पेले आणि मळलेली माती, पाण्याची बाटली, वाळकं झुडूप, पाच तक्ते, चिमटे, आणि मागणीच्या कागदाच्या दोन प्रती. एक सरपंचांना द्यायची. दुसरीवर 'पोहोचली' अशी सही आणि तारीख घेऊन ती घरी आणायची, आणि रेशनकार्डाच्या जोडीला जपून ठेवायची.